रिंग कुठून तोडायची: नागपूरच्या एका नेटवर्कमध्ये मशीन लर्निंग आणताना

संध्याकाळी साडेसात ते रात्री अकरा या वेळात मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर भागातून नेट स्लो असल्याच्या तक्रारी यायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या नेटवर्कचा अर्धा भाग जवळपास रिकामा पडलेला असायचा. ही विसंगती मला फार खुपायची. बँडविड्थ विकत घेतलेली, फायबर टाकलेलं, राउटर बसवलेले, आणि तरी एका घरातल्या पोराचा ऑनलाइन क्लास अडकतोय. या एका कारणासाठी मी ट्रॅफिकचे रस्ते ठरवण्यात मशीन लर्निंगचा काही उपयोग होतो का, हे बघायला लागले.

मी नागपुरातल्या एका लहान इंटरनेट कंपनीत नेटवर्कचं काम बघते. आमची शहरातली रचना रिंगची आहे. कोअर, म्हणजे मुख्य केंद्र, सीताबर्डीला. तिथून पश्चिमेकडे धरमपेठ, हिंगणा, बुटीबोरी; पूर्वेकडे जरीपटका, वर्धमाननगर, मानेवाडा; आणि बुटीबोरी-मानेवाडा जोडून वर्तुळ पूर्ण. प्रत्येक टप्पा, म्हणजे दोन जागांमधली लिंक, १० जीबीपीएसचा (सेकंदाला १० गिगाबिट). बाहेर जायला दोन अपस्ट्रीम, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडण्या, एक मुंबईकडे आणि एक हैदराबादकडे. रिंगचा फायदा सगळ्यांना माहीत आहे: एका जागी जेसीबीने केबल तोडली तरी ट्रॅफिक उलट्या बाजूने पोचतं. शहरात सिमेंटचे रस्ते व्हायला लागल्यापासून जेसीबी ही आमच्या रोजच्या कामातली गोष्ट झाली आहे, त्यामुळे रिंगशिवाय इथे धंदा करताच येत नाही.

रस्ता कोण ठरवतं? ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी रस्ते काढायचे ठरलेले नियम. प्रत्येक लिंकला एक कॉस्ट असते, राउटर एकमेकांना आपापल्या लिंकची माहिती कळवतात, आणि प्रत्येक राउटर स्वतःपुरता डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम चालवून सगळ्यांत स्वस्त रस्ता काढतो. हा अल्गोरिदम १९५९ मध्ये छापून आला आणि अजून जगभरचे राउटर त्याच्यावर चालतात. त्याची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. लिंक किती भरली आहे हे ओएसपीएफ बघतच नाही. कॉस्ट १०० म्हणजे १००, मग लिंक रिकामी असो की तुंबलेली. आमच्याकडे सगळ्या टप्प्यांची कॉस्ट १०० होती, म्हणून कोअरपासून मानेवाड्याला पूर्वेकडून तीन टप्पे म्हणजे ३०० आणि पश्चिमेकडून चार टप्पे म्हणजे ४००. ट्रॅफिक अर्थातच पूर्वेकडून जायचं. जरीपटका, वर्धमाननगर आणि मानेवाडा या तिन्ही रहिवासी भागांचा भार सीताबर्डी-जरीपटका या एका लिंकवर. पश्चिमेला हिंगणा आणि बुटीबोरीची एमआयडीसी. तिथे दिवसा दाबून काम चालतं, संध्याकाळी ऑफिसं बंद झाली की आलेख खाली येतो. म्हणजे एका बाजूची गर्दी संपते तेव्हा दुसऱ्या बाजूची सुरू होते.

मग लोड बघून कॉस्ट आपोआप बदलली तर? हा विचार पहिल्यांदा आपल्यालाच सुचतो असं प्रत्येक इंजिनिअरला वाटतं, पण तो इंटरनेटपेक्षा जुना आहे. इंटरनेटचं पूर्वज असलेल्या आर्पानेटमध्ये १९७९ पासून मोजलेल्या विलंबावरून रस्ते ठरत होते. भार कमी असताना ते छान चालायचं. भार वाढला की सगळे राउटर एकदम तुंबलेली लिंक सोडून मोकळ्या लिंककडे धावायचे, ती तुंबायची, पहिली मोकळी व्हायची, की पुन्हा सगळे उलटे. वर्धा रोडवर जाम आहे असं मोबाइलने सांगितल्यावर सगळ्यांनीच एकदम रिंग रोडला गाड्या वळवाव्यात, तसं. १९८७ मध्ये त्यांना ते मोजमाप बदलावं लागलं. कॉस्ट किती आणि किती झपाट्याने हलू शकते यावर मर्यादा घालाव्या लागल्या. मी मिनीनेटमध्ये, म्हणजे संगणकावर खोटं नेटवर्क उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आमची रिंग उभी केली, राउटर म्हणून एफआरआर हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं आणि दर पाच मिनिटांनी मोजलेल्या लोडवरून कॉस्ट बदलणारी छोटी स्क्रिप्ट लावली. मानेवाड्याचा भार खरोखरच पूर्व-पश्चिम, पूर्व-पश्चिम असा झुलत राहिला. वाचलेली गोष्ट आपल्याच रिंगच्या आलेखात उमटलेली बघणं फार शिकवून जातं.

त्यानंतर मी रीइन्फोर्समेंट लर्निंगकडे, म्हणजे करून बघत शिकणाऱ्या पद्धतीकडे, वळले. जस्टिन बॉयन आणि मायकेल लिटमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच क्यू-राउटिंग मांडलं होतं. प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्याला विचारतो, ‘तुझ्याकडून अमुक ठिकाणी पोचायला अंदाजे किती वेळ लागेल?’ आणि उत्तरावरून आपल्या तक्त्यातला अंदाज थोडा थोडा सुधारत जातो. कल्पना इतकी सुंदर आहे की मी बरेच दिवस तिच्यातच रमले. पण ही पद्धत शिकते ती प्रत्यक्ष पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवून. एखादा रस्ता वाईट आहे हे कळण्यासाठी तिला त्या रस्त्याने अधूनमधून जाऊन बघावं लागतं. लॅबमध्ये ते चालतं. खऱ्या नेटवर्कमध्ये ते पॅकेट कुणाच्या तरी व्हिडिओ कॉलचं असतं, कुणाच्या तरी परीक्षेच्या फॉर्मचं असतं. आमच्या ग्राहकांच्या खर्चाने मशीनने शिकावं, हे मला पटलं नाही. तो मार्ग मी तिथेच सोडला.

याच सुमारास मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि सगळं काम सोपं करणारी गोष्ट तिथे हाती लागली. रिंगमध्ये कोअरकडून जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी खरा निर्णय एकच असतो: रिंग कुठून तोडायची. म्हणजे पूर्वेचा हिस्सा कुठे संपतो आणि पश्चिमेचा कुठे सुरू होतो. कोअर सोडून रिंगवरच्या सहा जागा, म्हणजे आमची सहा ठाणी, आणि म्हणून तोडायच्या सात जागा. एखाद्या ठाण्याला दोन्हीकडून समान कॉस्ट दिली तर त्याचं ट्रॅफिक फ्लोनुसार, म्हणजे एकेका जोडणीनुसार, दोन बाजूंत विभागलं जातं, असे आणखी सहा पर्याय. एकूण तेरा. बस. तेरा पर्यायांतून चांगला निवडायला कुठलंही न्यूरल नेटवर्क लागत नाही, साधा लूप पुरतो.

मोठ्या, जाळीदार नेटवर्कची गोष्ट वेगळी. फोर्ट्झ आणि थोरूप यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की ओएसपीएफचे सर्वोत्तम वेट, म्हणजे कॉस्ट, काढणं सर्वसाधारण नेटवर्कसाठी एनपी-हार्ड आहे, म्हणजे नेटवर्क मोठं झालं की नेमकं उत्तर काढणं आवाक्याबाहेर जातं, आणि तरीही हुशारीने शोध घेतला तर बऱ्यापैकी चांगले वेट मिळतात. त्यांनी लिंकच्या गर्दीला किंमत लावायचं जे सूत्र वापरलं तेच मी उचललं. लिंक एक तृतीयांश भरेपर्यंत वाढणाऱ्या भाराला १ या दराने किंमत, दोन तृतीयांशापर्यंत ३, ९० टक्क्यांपर्यंत १०, शंभरपर्यंत ७०, त्याच्यावर ५००, आणि ११० टक्क्यांच्या पुढे ५०००. तुंबण्याच्या जवळ गेलेली लिंक किती झपाट्याने महाग होते बघा. तेरा पर्यायांची या सूत्राने किंमत काढायची आणि सगळ्यांत कमी असेल तो घ्यायचा.

मग मशीन लर्निंगचं काम काय उरलं? एकच, पण मोलाचं: आज संध्याकाळी कुठल्या ठाण्यावर किती भार येईल हे आधी सांगणं. आताचा भार बघून हलायचं नाही, येणाऱ्या भाराची तयारी करायची. झुलण्याचा आजार यानेच मुळातून जातो, कारण आपण केलेल्या बदलाचा परिणाम पुन्हा आपल्याच निर्णयात शिरत नाही. ठाण्यावरची मागणी ही रस्त्यावर फारशी अवलंबून नसते. मानेवाड्यातल्या घरांना जे बघायचं आहे ते पूर्वेकडून आलं काय नि पश्चिमेकडून आलं काय.

डेटा गोळा करण्यात मात्र जीव गेला. लिबरएनएमएस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी एसएनएमपी या प्रोटोकॉलने पोर्टचे काउंटर (किती डेटा गेला याची मोजणी) वाचत होतं, म्हणून मला वाटलं इतिहास तयारच आहे. पण काही जुन्या स्विचवर ३२ बिटांचेच काउंटर वाचले जात होते. १ जीबीपीएसचा पोर्ट पूर्ण वेगाने चालला तर असा काउंटर सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांत तो किती वेळा फिरला हे सांगायला काहीच मार्ग नाही, त्यामुळे त्या पोर्टांची गर्दीच्या वेळची आकडेवारी बाद. ६४ बिटांच्या काउंटरवर आणल्यावर पुढचा डेटा नीट यायला लागला. दुसरं, मे महिन्याच्या भोकं पडलेल्या नोंदी. पारा ४५ च्या वर गेला की शेल्टरमधले, म्हणजे उपकरणांच्या खोल्यांतले, एसी दम टाकतात, उपकरणं गरम होऊन बंद पडतात, आणि आलेखात शून्य दिसतं. ते शून्य म्हणजे मागणी नव्हती असं नाही. अशा प्रत्येक जागेवर खूण करून ती शिकवणीतून बाहेर काढली. हे काम कंटाळवाणं आहे, कुणी त्याचं कौतुक करत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त फायदा याच कामाने झाला.

ट्रॅफिक मॅट्रिक्सचा, म्हणजे कुठून कुठे किती ट्रॅफिक जातं याच्या तक्त्याचा, प्रश्न आमच्या नशिबाने सोपा निघाला. एरवी लिंकवरचा एकूण भार कळतो, पण त्यातलं कुठून कुठे किती जातंय हे कळत नाही. सात राउटर असतील तर जोड्या ४२ आणि मोजमापं त्याहून किती तरी कमी. लहान कंपनीत मात्र जवळपास सगळं ट्रॅफिक कोअरकडून ठाण्याकडे येणारं असतं. धरमपेठेतलं घर वर्धमाननगरच्या घराशी थेट फारसं बोलत नाही. त्यामुळे ठाण्याच्या ग्राहकांकडे जाणाऱ्या पोर्टांची बेरीज म्हणजेच आमची मागणी.

मॉडेल म्हणून मी ग्रेडियंट बूस्टिंग घेतलं, म्हणजे एकामागून एक छोटे अंदाज जोडून आधीची चूक सुधारत नेणारी पद्धत. त्याला दिलेली माहिती: तास, वार, काल याच वेळी किती होतं, गेल्या आठवड्यात याच वारी याच वेळी किती होतं, सण, शाळांच्या सुट्ट्या, क्रिकेटचं वेळापत्रक. शेजारी एक साधा अंदाज ठेवला: गेल्या आठवड्यात होतं तेवढंच आज. नव्याने या कामाला लागणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, हा साधा अंदाज कधीही वगळू नका. नेहमीच्या दिवशी तो इतका चांगला असतो की मॉडेलला त्याच्या पुढे जाणं जड जातं. मॉडेलची खरी किंमत कळते ती नेहमीपेक्षा वेगळ्या दिवशी. आयपीएलची मॅच साडेसातला सुरू होते आणि रहिवासी भागांचा भार एकदम चढतो, कारण इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण बघताना प्रत्येक घराला स्वतंत्र प्रवाह लागतो. शेजारपाजारचे सगळे तेच बघत असले तरी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उलटं, लोक नेटवर नसतातच.

आणखी एक बदल केला, आणि तो मला सगळ्यांना सांगावासा वाटतो. मॉडेलला सरासरी अंदाज मागायचा नाही. खरा भार ज्याच्या खाली राहण्याची शक्यता ९० टक्के आहे, तो आकडा मागायचा. शिकवताना नुकसानीचं सूत्र असं ठेवायचं की कमी अंदाज केला तर दंड जास्त, आणि तोही ९ पट. कारण उघड आहे. जास्त अंदाज केला तर मानेवाड्याचं ट्रॅफिक उगाच एक टप्पा लांबून जाईल, शहरातल्या शहरात त्याचा विलंब कुणाला जाणवणारही नाही. प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. कमी अंदाज केला तर लिंक तुंबेल आणि हजारो घरं कावतील.

आता प्रत्यक्ष बदल. कोअरकडून मानेवाड्याचं ट्रॅफिक पश्चिमेला वळवायचं तर वर्धमाननगरहून मानेवाड्याकडे जाणाऱ्या लिंकची कॉस्ट वाढवायची. किती? कॉस्ट २०० केली तर पूर्वेकडून ४०० आणि पश्चिमेकडूनही ४००, ट्रॅफिक अर्धं अर्धं. ३०० केली तर पूर्व ५०० होते आणि सगळं पश्चिमेला जातं. मग सरळ १००० का नाही करायची? इथे थांबून नीट बघायला हवं. ४०० च्या वर गेलं की जरीपटक्याच्या राउटरलाही मानेवाड्यासाठी उलटं, कोअरमार्गे जाणं स्वस्त वाटायला लागतं. बदलाची खबर वर्धमाननगरहून निघते, म्हणजे जरीपटक्याला आधी पोचते आणि कोअरला नंतर. त्या क्षणभरात कोअर पॅकेट जरीपटक्याला पाठवतो, जरीपटका ते परत कोअरला पाठवतो, आणि पॅकेट दोघांच्या मध्ये चेंडूसारखं टोलवलं जातं. याला मायक्रो-लूप म्हणतात. २०० च्या वर आणि ४०० च्या खाली राहिलं तर मानेवाड्यासाठीचा निर्णय फक्त कोअरचा बदलतो, बाकी सगळे जागेवर. लॅबमध्ये दोन्ही आकडे लावून पिंग (पोचतंय का हे तपासणारी छोटी पॅकेट) चालू ठेवलं तेव्हा फरक स्पष्ट दिसला. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये नियमच केला: एका वेळी एकच कॉस्ट, आणि प्रत्येक नव्या कॉस्टने त्या ठाण्यासाठी किती राउटरांचा निर्णय बदलेल हे आधी काढायचं, एकापेक्षा जास्त निघाले तर बदल करायचाच नाही.

वेळही महत्त्वाची. लिंक तुंबल्यावर ट्रॅफिक हलवलं तर जुन्या रस्त्याच्या रांगेत अडकलेली पॅकेट मागे राहतात आणि नव्या रस्त्याने नंतर निघालेली पुढे पोचतात. पॅकेट नीट पोचवण्याची जबाबदारी असलेल्या टीसीपीला वाटतं मधली हरवली, तो वेग कमी करतो, आणि ग्राहकाला दिलासा मिळायच्या ऐवजी क्षणभर आणखी त्रास होतो. म्हणून बदल सहाच्या सुमारास, रांगा रिकाम्या असताना.

एवढं सगळं झाल्यावरही मी ते लगेच राउटरवर सोडलं नाही. आमच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या खोलीत, एक जुने सहकारी आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. रात्रपाळीत कित्येक वर्षं तेच हाताने कॉस्ट बदलत आले आहेत. मॉडेलने फक्त सुचवायचं आणि दादांनी हो-नाही लिहायचं, असं ठरवलं. ‘नाही’ लिहिलं तर कारणही लिहायचं. ती कारणं वाचताना मला जे शिकायला मिळालं ते कुठल्याच पेपरात नव्हतं.

एकदा मॉडेलने मानेवाड्याचा भार जास्त सांगितला आणि दादांनी नकार दिला. मी विचारायला गेले तर म्हणाले, “ताई, तिकडची लाइन गेली हाय नं दुपारपासून. घरातले वायफायच बंद, तर पाह्यनार कोन?” वीज गेली की घरोघरचे राउटर बंद होतात, ठाण्याचा भार कोसळतो, वीज आली की सगळे एकदम लॉगिन करतात. मॉडेल काल आणि गेल्या आठवड्याच्या आकड्यांवरून बोलत होतं, आज वीज गेल्याचं त्याला दिसत नव्हतं. त्यानंतर ठाण्यावरच्या चालू असलेल्या लॉगिनची संख्या मी मॉडेलला द्यायला लागले. तसंच आमच्या हिंगण्याच्या काही ग्राहकांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, हे दादांना पाठ होतं. मॉडेल ते वारावरून हळूहळू शिकत होतं, पण ठाण्यागणिक वेगळा वार द्यायला लागल्यावर त्याचा अंदाज लगेच सुधारला.

पुढे पुढे दादांचे ‘नाही’ कमी होत गेले. एका मॅचच्या दिवशी त्यांनीच दुपारी फोन केला, “आज तुमचं मॉडेल काय म्हनून राह्यलं? माह्या हिशोबानं आज मानेवाडा अर्धा नाही, पुरा वळवा लागते.” मॉडेलही तेच म्हणत होतं. त्या संध्याकाळी सीताबर्डी-जरीपटका लिंकचा आलेख चढला, पण माथ्याला टेकला नाही, आणि हुडकेश्वर-बेशाकडून एरवी येणारे फोन आले नाहीत. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहून तो आलेख बघत होतो. मला फार आनंद झाला, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता रोजचे बदल स्क्रिप्ट करते आणि दादांकडे एक बटण आहे, जे दाबलं की सगळ्या कॉस्ट पुन्हा १०० होतात. केबल तुटली की स्क्रिप्ट स्वतःहून थांबते. रिंग एका जागी तुटल्यावर निवडायला काही उरतच नाही, प्रत्येक ठाण्याला एकच रस्ता असतो. तेव्हा ओएसपीएफ आपलं काम सेकंदांत करतं आणि त्याच्या मध्ये कुणी येऊ नये.

नेटवर्क वाढेल तसे तेरा पर्याय तेरा राहणार नाहीत. सीताबर्डीहून थेट मानेवाड्याला एक आडवी लिंक टाकायचं चाललं आहे. मोठ्या नेटवर्कसाठी ग्राफ न्यूरल नेटवर्क (कोण कोणाला जोडलंय ही रचना लक्षात घेणारं मॉडेल) वापरून विलंबाचा अंदाज बांधणारं, बार्सिलोनाच्या संशोधकांचं राउटनेट मी वाचते आहे. कधीच न पाहिलेल्या रचनेवरही असं मॉडेल चालावं हा त्यामागचा प्रयत्न मला भुरळ घालतो. आमच्या आडव्या लिंकसाठी बहुधा फोर्ट्झ-थोरूपसारखा साधा शोधच पुरेल. लिंक पावसाळ्यानंतर सुरू होईल, आणि तिच्यावर एक दिवाळी नि एक आयपीएल जाईपर्यंत तिथली कॉस्ट दादाच ठरवतील.